मारलिसला थिओडोरला भेटायचंय

४ जानेवारी, रविवार

मारलिसचा फोन आला. ती येतेय. सत्तावीस तारखेला, दोन आठवड्यांसाठी, आणि तिला माझ्याबरोबर मॅनेटींमध्ये, म्हणजे इथल्या झऱ्यात येणाऱ्या त्या अवाढव्य, गरीब पाणगाईंमध्ये पोहायचंय.

फोन ठेवल्यावर मी किती वेळ स्वयंपाकघरात उभी होते कोण जाणे. ओव्हनमधल्या बिस्किटांचा कोळसा झाला.

ही वही शेजारच्या विनेलने नाताळात दिली. पहिल्या पानावर तिने स्वतःच्या हाताने लिहिलंय : "इथे तरी खरं लिही." तेव्हा खरं लिहिते. मी, आर्डिस प्रुइट, वय सहासष्ट, गेली अकरा वर्षं कॅप्टन टिलिस यांच्या होडीफेऱ्यांच्या दुकानात काउंटरवर बसते. हिवाळ्यात रोज चाळीसेक पाहुण्यांना पोहायचे घट्ट रबरी वेटसूट देते, पाण्याचे चष्मे आणि श्वासाच्या नळ्या देते आणि नियम म्हणून दाखवते : हात लावायचा नाही, पाठलाग करायचा नाही, पाणी उडवायचं नाही. माणूस दारातून आत आला की मला त्याचं माप कळतं. पण मी स्वतः त्या झऱ्यात घोट्यापलीकडे कधी उतरलेले नाही. मला पोहता येत नाही.

मारलिसला हे माहीत नाही. पहिल्या वर्षी नाताळच्या पत्रात मी तिला एवढंच लिहिलं होतं, की एक मॅनेटी अगदी हाताच्या अंतरावर आला. आला होता खरंच. मी धक्क्यावर बसून सँडविच खात होते. दुसऱ्या वर्षीच्या पत्रात मी धक्का गाळला. तिसऱ्या वर्षी ओहायोच्या एका दंतवैद्याने सांगितलं, की मॅनेटीने त्याच्या पोटावर हनुवटी टेकवली. ते पोट मी माझं केलं. चौथ्या वर्षी त्या मॅनेटीला नाव दिलं, थिओडोर. त्यानंतर माझा हात कुणी धरला नाही. गेल्या नाताळच्या पत्रात थिओडोर मला लांबूनच ओळखतो आणि वाट बघत थांबतो.

आता हे का केलं तेही लिहिते. मी नऊ वर्षांची असताना उत्तरेकडच्या थंड मिनेसोटात आमच्या तळ्यात पडले. मारलिस चौदाची होती. तिने मला केस धरून बाहेर ओढलं. मी तिची ऋणी आहे. पण ती गोष्ट तिने माझ्या लग्नात सांगितली, तिच्या स्वतःच्या लग्नात सांगितली, आणि तिचा नवरा आर्ने गेला तेव्हा चर्चच्या तळघरात कॉफी पितानाही सांगितली. मला वाटलं, मिनेसोटाला एकदा कळू दे की आर्डिसलाही पाण्यात तरंगता येतं.

ती मला पकडायलाच येतेय. नाहीतर मी इथे दक्षिणेत राहायला आल्यापासून एकोणीस वर्षांत कधी आली नाही, ती आत्ताच का? फोनवर म्हणाली, "घर फार मोठं झालंय गं." मी सांगितलं, वरचा मजला बंद करून टाक, झाडझूड कमी होईल. त्यावर तिने विमानाची वेळ सांगितली.

५ जानेवारी, सोमवार

न पोहण्याची कारणं : पाय मोडणे. कानात पू. धर्माची आडकाठी (आम्ही दोघी एकाच चर्चमध्ये वाढलो, हे चालणार नाही). थिओडोरचा मृत्यू. हे शेवटचं मला दुपारपर्यंत पटलेलं होतं. मग दुकानात बसल्या बसल्या त्याचा शेवट मनात रंगवायला लागले आणि रडूच आलं.

कॅप्टन टिलिस होडीवरून आले, तर मी डोळे पुसतेय.

"मिस आर्डिस, काय झालं?"

"एक ओळखीचा गेला."

ते टोपी काढून उभे राहिले. पाच मिनिटं. मला कामं होती, पण ते हलेचनात. शेवटी म्हणाले, "जवळचा होता?" मी म्हटलं, "पोटाशी यायचा." ते बाहेर गेले आणि उगाचच दोर गुंडाळत बसले.

संध्याकाळी विनेलला सगळं सांगून टाकलं. ती चौऱ्याहत्तरची आहे. तरुणपणी पाण्याखालच्या खेळात जलपरी होती. शेपटी लावून काचेमागे केळं खायची, आणि लोक पैसे देऊन बघायला यायचे. आता गुडघे गेलेत, पण छाती अजून भात्यासारखी आहे, जरी त्या भात्यात सिगारेटचा धूर असला तरी.

"तीन आठवडे आहेत ना?" ती म्हणाली. "मी एका बँकेच्या मॅनेजरच्या बायकोला नऊ दिवसांत जलपरी केली होती. ती तर तुझ्याहून जाड होती."

८ जानेवारी, गुरुवार

आमच्या वसाहतीच्या पोहण्याच्या तलावात पहिला धडा. तलाव गरम असतो, पण हवा गार होती. विनेल काठावर घडीच्या खुर्चीत, अंगावर फरचा कोट, हातात काठी. मी पाण्यात कमरेइतकी.

"तोंड पाण्यात घाल."

"घातलं की."

"हनुवटी घातलीस. तोंड तिच्या वर असतं."

चौथ्या प्रयत्नात नाक गेलं. सातव्या प्रयत्नात डोळे. मी बाहेर येऊन खोकत होते, तर ही म्हणते, "हसली नाहीस."

"मी बुडत होते, विनेल!"

"बुडताना हसलं की लोकांना कळत नाही. आमच्या धंद्यातली पहिली शिकवण होती ती."

१० जानेवारी, शनिवार

घरी टबमध्ये नळीचा सराव. दुकानातून एक नळी आणलीय, सोमवारी परत ठेवीन. तोंड पाण्यात घालून सलग चाळीस श्वास घेतले! तेवढ्यात फोन वाजला. आनंदाच्या भरात नळी न काढताच उचलला.

कॅप्टन होते. "मिस आर्डिस? तुमचा श्वास असा का येतोय?"

मी नळीतून म्हटलं की मी ठीक आहे. ते त्यांना वेगळं काहीतरी ऐकू गेलं असावं, कारण दहा मिनिटांत त्यांची गाडी दारात उभी. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला धुरी दिलेला मलेट मासा. माझ्या अंगावर झगा, डोक्यावर पाण्याचा चष्मा. ते चष्म्याकडे बघत राहिले आणि मी नळी पाठीमागे लपवली. दुकानातल्या नळ्या मोजल्या असणार त्यांनी. माणूस बारकाईने बघतो. मासा मात्र चांगला होता. दर शनिवारी आणून देतात, त्यांच्याकडे फार उरतात बहुतेक.

१३ जानेवारी, मंगळवार

आज गुपचूप नोंदणीच्या वहीत २९ तारखेला सकाळी साडेसहाच्या होडीवर दोन नावं घातली. पाहुण्यांकडून जो फॉर्म भरून घेतो तोही भरला. "पोहता येतं का?" याखाली तीन चौकोन आहेत : नाही, थोडं, उत्तम. मी "उत्तम"वर खूण केली. मग खोडून "थोडं"वर केली. मग तीही खोडली. फॉर्मला भोक पडलं.

कॅप्टननी तो फॉर्म नेमका दुपारी वाचला. भोकातून माझ्याकडे बघितलं.

"त्या दिवशी पाण्यात तुमच्याबरोबर मी स्वतः उतरेन," ते म्हणाले.

"दुसरे वाटाडे आहेत की."

"आहेत. पण मी उतरेन."

त्यांचा माझ्यावर भरवसा उरलेला नाही. या वयात दुसरी नोकरी कोण देणार मला?

१६ जानेवारी, शुक्रवार

आजचा दिवस कुणाला कळू नये.

वेटसूट घरी घालून बघायचा ठरवला. अकरा वर्षं लोकांची मापं सांगतेय, तर स्वतःसाठी डोळे मिटून मधला नंबर उचलला. आरशात बघूनही मला कधी कळलं नाही की मी मोठ्या नंबरची झालेय! गुडघ्यांपर्यंत गेला आणि थांबला. विनेलला बोलावलं. तिने माझ्या पायांना किराणामालाच्या प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, म्हणजे रबर त्यांवरून सरकतं. सरकलं. मग ती काठी टाकून, पलंगावर पाय रोवून मागून ओढायला लागली. मी पुढे, ती मागे, आणि दिवा खाली. अर्ध्या तासाने सूट अंगावर चढला, पण चेन पुढे आली आणि ती बेंबीच्या वर जाईना. श्वास घेता येईना, वाकता येईना, बसता येईना. भिंतीला इस्त्रीचं टेबल टेकवून ठेवावं तशी मला दोन तास भिंतीला टेकवून ठेवली होती.

शेवटी विनेलने फोन केला. कुणाला? ज्याला करू नको म्हणत होते त्यालाच.

कॅप्टन टिलिस दारात आले, टोपी काढली, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अतिशय आदराने म्हणाले, "मिस आर्डिस, उलटा घातलाय. चेन पाठीवर येते."

हे वाक्य मी स्वतः दिवसातून चाळीस वेळा म्हणते.

त्यांनी बाह्या ओढून मला सोडवलं, डोळे छताकडे ठेवून. जाताना म्हणाले, "रविवारी मी झऱ्यावर दोर तपासायला जातो. होडी रिकामीच असते. थर्मासमध्ये कॉफी असेल. आलात तर..." माणसाला कामावरून काढायचं असलं की असंच एकांतात नेतात. मी सांगितलं, रविवारी माझे केस धुवायचे असतात.

"दर रविवारी?"

"सगळ्याच रविवारी."

२१ जानेवारी, बुधवार

तलावाची पूर्ण लांबी पार केली! बगलेत फोमचा तरंगता दांडा होता हे खरं, आणि मध्ये एकदा मी विनेलच्या काठीला लोंबकळले, पण तोंड पाण्यातच होतं. विनेल म्हणाली हसू अजून बनावट आहे.

२४ जानेवारी, शनिवार

देव आहे!

उत्तरेकडून थंडी येतेय. सगळ्या वसाहतीने जास्वंदींवर चादरी घातल्यात, जिकडेतिकडे भुतं उभी असल्यासारखी दिसतायत. आखात गार पडलं की मॅनेटी शेकड्यांनी झऱ्याच्या उबेला येतात, आणि फार गर्दी झाली की त्यांना निवांत पडता यावं म्हणून थोरला झरा दोर बांधून माणसांना बंद करतात. आज सकाळी बंद केला. म्हणजे पोहणं नाही! माझा दोष नाही! मी दुकानात शीळ घालत वेटसूट धुतले.

चार वाजता कॅप्टन आले. कानापर्यंत लाल, आणि चेहऱ्यावर एवढं हसू. "तुमच्या बहिणीची निराशा होऊ नये म्हणून सकाळपासून हिंडत होतो. दोराच्या बाहेर, मागच्या झऱ्याशी जागा आहे. तिथे परवानगी आहे आणि चारपाच मॅनेटीही आहेत. २९ तारीख पक्की."

मी म्हटलं, "किती चांगले आहात तुम्ही." असं म्हणताना हातातल्या वेटसूटचा गळा मी इतका पिळला की त्यातून अर्धा लिटर पाणी निघालं.

२७ जानेवारी, मंगळवार

मारलिस आली. विमानतळावर सगळे कोटात आणि ही अर्ध्या चड्डीत. "काय सुंदर हवा आहे!" म्हणाली. झाडांवर दहिवर गोठलं होतं.

दोन आठवड्यांसाठी दोन मोठ्या बॅगा, आणि मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं तिचं भाजायचं काचेचं भांडं. मी म्हटलं भांडी आहेत माझ्याकडे. ती म्हणाली, "माहितेय. पण हे माझं आहे."

वाळलीय. केस पूर्ण पांढरे झालेत. घरात शिरताच तिने ओव्हनमध्ये आमच्या लहानपणीचा हॉटडिश लावला, खाली खिमा, वर बटाट्याचे गोळे. वास आला आणि मी क्षणभर बारा वर्षांची झाले. मग तिने बॅगेतून एक फाइल काढली. माझी अकरा पत्रं. ओळींखाली रेघा मारलेल्या.

"हे चौथ्या पत्रातलं," ती चष्मा लावून म्हणाली, "थिओडोरच्या डाव्या कानामागे चंद्रकोरीसारखा व्रण आहे. मला बघायचाय."

मॅनेटीला बाहेरून दिसतील असे कानच नसतात. मी चौथ्या वर्षी नवी होते.

नेमकी तेव्हाच विनेल मीठ मागायला आली, म्हणजे बघायला आली. "थिओडोर ना!" ती हात पसरून म्हणाली. "काय जनावर आहे! माझ्याबरोबर त्याने एकदा केळं खाल्लं!" मी तिला टेबलाखालून लाथ मारली, ती मारलिसला लागली.

२८ जानेवारी, बुधवार

मारलिसला दुकान दाखवलं. तिने सरळ कॅप्टनना गाठलं. "थिओडोर उद्या भेटेल ना?"

कॅप्टननी माझ्याकडे पाहिलं. मी वेटसूटांच्या रांगेत तोंड घातलेलं. ते बराच वेळ हनुवटी खाजवत राहिले.

"गुरुवारी," ते शांतपणे म्हणाले, "तो साधारण पूर्वेच्या बाजूला असतो. पण लाजाळू आहे, बाई. मिस आर्डिसशिवाय कुणाला फारसा दिसत नाही."

आश्चर्यच! म्हणजे थिओडोर नावाचा कुणी खरंच आहे. अकरा वर्षं इथे काम करून मला माहीत नाही.

२९ जानेवारी, गुरुवार

क्रमाने लिहिते.

साडेसहाला होडी सुटली. पाण्यावर धुकं इतकं की बाकीच्या होड्यांचे फक्त आवाज येत होते, आणि मधूनमधून मॅनेटी श्वास सोडायचे, कुणीतरी झोपेत उसासा टाकावा तसे. मी मोठ्या नंबरच्या वेटसूटात, चेन पाठीवर. मारलिसने वेटसूट घेतलाच नाही. नुसता पोहायचा पोशाख, एकाहत्तराव्या वर्षी. "आमच्याकडे याला जून म्हणतात," म्हणाली आणि शिडीवरून अशी उतरली की पाणी हललंही नाही. चार हात मारून ती पंधरा फूट लांब. कॅप्टन तिच्या मागे.

मी शिडीवर. दोन पायऱ्या उतरले. तिसरीवर पाय ठेवला आणि हात शिडी सोडेनात. मी हातांना सांगत होते, ते ऐकत नव्हते.

"येतेस ना?" मारलिसने हाक मारली.

"थिओडोरला आधी अंदाज घेऊ देते!"

तेवढ्यात मारलिसच्या खालून तो आला. एक भलामोठा करडा मॅनेटी, मोटारीएवढा, अगदी सावकाश, तिच्या पोटाखालून वर. तिने चष्म्यातून खाली बघितलं.

माझी बहीण बर्फात भोक पाडून डुबकी मारते. माझी बहीण एकदा अस्वलावर झाडू घेऊन धावली होती. ती नळीतून अशी किंचाळली की मागच्या होडीवर कुणीतरी भोंगाच समजून भोंग्याने उत्तर दिलं. मग तिने पाण्यावर धावायचा प्रयत्न केला. ते जमेना, तेव्हा ती कॅप्टन टिलिसवर चढली. आधी पाठीवर, मग खांद्यांवर. कॅप्टन खाली गेले. त्यांची टोपी वर राहिली.

आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "पाणी उडवायचं नाही! पाय आपटायचे नाहीत! त्याच्या वाटेतून बाजूला, आणि शांत तरंगायचं!" कुणी ऐकलं नाही. अकरा वर्षांत माझं न ऐकता कुणी पाण्यात उतरलेलं नाही. माझं डोकं सणकलं. मी बगलेत फोमचा दांडा घेतला, ओरडत निघाले, आणि तिच्याजवळ पोचून तिचा दंड धरल्यावर मला कळलं की शिडी मागे राहिलीय.

"मारलिस, कॅप्टनना सोड, त्यांना श्वास घ्यायचाय. दांडा धर. तोंड खाली. तो गवत खातो गं, तुला खाणार नाही."

"तो माझ्याकडे बघतोय!"

"तूच त्याच्या घरात आलीयस."

तिने दांड्याचं दुसरं टोक धरलं. दोघींनी तोंडं पाण्यात घातली. खाली निळं, स्वच्छ, आणि तो तिथेच थांबलेला, पाठीवर शेवाळ, ओठांवर मिशा. छोटे डोळे. तो माझ्याकडे बघत होता. मग त्याच्या मागच्या बाजूने मोठमोठे बुडबुडे निघाले आणि आमच्या नाकांसमोरून वर गेले. मॅनेटी गवतच खातात, दिवसभर. मारलिस नळीतून हसायला लागली. मीही. हसताना नळीत पाणी शिरलं, तरी घाबरले नाही.

"हाच का थिओडोर?" तिने नळीतून विचारलं. निदान "हाहा हिओहो" असं काहीतरी.

मी नळीतून म्हटलं, "मला माहीत नाही. मी कधीच आले नव्हते."

"हा?"

"मी. कधीच. आले नव्हते."

"हा?"

मी तोंड वर काढलं, नळी थुंकली आणि ओरडले, "मी आयुष्यात कधी या झऱ्यात उतरले नव्हते! पत्रातलं सगळं खोटं आहे!"

धुक्यातल्या सगळ्या होड्या गप्प झाल्या.

मारलिस वळली. होडीवर परत गेली, टॉवेल गुंडाळला, कॅप्टननी दिलेला कोको घेतला. मला वाटलं आता तळ्याची गोष्ट काढेल. तिने समोर बघत विचारलं, "डोमिनोज?"

तिसऱ्या पत्रात होतं ते. डोमिनोजच्या सोंगट्या मांडून आमच्या बुधवारच्या बैठका.

"नाही."

"नाचाचा क्लब?"

"नाही."

"नदीकाठी दर रविवारी बाराजणांचं जेवण?"

"मी असते. कधीकधी विनेल."

तिने कप खाली ठेवला. "आर्ने गेला त्या वर्षी मी बॅग भरली होती, आर्डिस. इकडे यायला. मग तुझं पत्र आलं. इतकी माणसं, इतकी मजा. म्हटलं, यात म्हातारीला कुठे कोंबणार ही? बॅग परत रिकामी केली. दर वर्षी डिसेंबरात तुझं पत्र वाचायचं आणि बॅग रिकामी करायची. सहा वर्षं!"

"मला वाटलं तू मला पकडायला आलीयस."

"कशाला पकडू? मी तुला एकदाच पकडलं होतं, ते तू बुडत होतीस म्हणून!"

मग धक्का येईपर्यंत ती होडीच्या पुढच्या टोकाला, माझ्याकडे पाठ करून बसली. कॅप्टन ओलेचिंब, होडी चालवत होते. त्यांनीही मागे बघितलं नाही.

३० जानेवारी, शुक्रवार

बोलत नाहीये. सकाळी उठून विनेलकडे गेली. ते काचेचं भांडं घासून, पुसून, टॉवेलात गुंडाळून बॅगेजवळ ठेवलंय. मला सारखं ते दिसतंय.

माफी मागायचा प्रयत्न केला. तिच्या दाराशी उभी राहून "मारलिस" म्हटलं आणि पुढचं सुचलंच नाही. खोटं किती सुचतं मला.

१ फेब्रुवारी, रविवार

मारलिस न्याहारीला येऊन बसली आणि म्हणाली, "तुझं खरं काय आहे ते सांग. काहीच खरं नाहीये का?"

मी ही वही आणली आणि ४ जानेवारीपासून मोठ्याने वाचायला लागले. "घर फार मोठं झालंय" आणि वरचा मजला आला तिथे मी थांबले. मी लिहिलं तेव्हा मला ते कळलं नव्हतं. मारलिसने माझ्या हातातून वही घेतली आणि पुढचं तिने वाचलं. टबमधल्या नळीपाशी तिचा चेहरा हलला. भिंतीला टेकवून ठेवलेल्या इस्त्रीच्या टेबलापाशी तिने वही खाली ठेवली, टेबलावर डोकं ठेवलं आणि खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. मग तिने टेबलावर बुक्का मारला, आणि मग आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. कॉफी सांडली ती तशीच राहिली.

शेवटपर्यंत वाचून झाल्यावर ती म्हणाली, "आर्डिस, हा होडीवाला."

"कॅप्टन? मला कामावरून काढणार आहेत बहुतेक."

ती माझ्याकडे खूप वेळ बघत राहिली. लहानपणी मी बूट उलटसुलट घातले की बघायची तशी. "अगं बाई, हे पुन्हा एकदा वाच. फक्त तो येतो तेवढंच वाच."

वाचलं.

तरी त्यांच्याकडे मासे उरत असतीलच की.

३ फेब्रुवारी, मंगळवार

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी सरळच विचारलं, "कॅप्टन, तुम्ही मला काढणार आहात का?"

"कुठून?"

"कामावरून."

ते खुर्चीत बसले. "मिस आर्डिस, मलेट खाल्ला की मला पित्त उसळतं. डॉक्टरांनी आठ वर्षांपूर्वीच बंद केलाय. दर शनिवारी मी भल्या पहाटे उठून त्याला कुणासाठी धुरी देतो, असं वाटतं तुम्हाला?"

मी म्हटलं, "मला वाटलं उरतात."

"तीच तर तुमची गंमत आहे," ते म्हणाले, आणि त्यांचे कान लाल झाले. थंडी तर ओसरलीय.

"आणि थिओडोर?" मी विचारलं. "तो खरंच असतो ना पूर्वेच्या बाजूला?"

ते इतके हसले की बाहेरचे बगळे उडाले.

मग मी टोप्यांची रांग नीट लावायला घेतली, आधीच नीट होती तरी, आणि रांगेकडे तोंड करूनच सांगितलं, की या रविवारी केस धुवायचे नाहीयेत.

११ फेब्रुवारी, बुधवार

काल मारलिसचं परतीचं विमान होतं. ते गेलं. ती गेली नाही.

तिने कालपासून त्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही, आणि मीही विचारलं नाही. आम्ही तशाच आहोत. पुन्हा पाण्यात उतरणार नाही म्हणते, काठावरून मात्र मला पोहायला शिकवते. विनेल एका बाजूने ओरडते "हस!" आणि ही दुसऱ्या बाजूने "पाय मार!" म्हणून आज मी हसत हसत पाय मारत गोल फिरत राहिले.

दुपारी मारलिस म्हणाली तिला गावातल्या ग्रंथालयात जायचंय. गेलो. तिने कार्डासाठी फॉर्म मागितला आणि पत्त्याच्या रकान्यात, मला न विचारता, माझा पत्ता लिहिला. माझ्या डोळ्यांसमोर, ठळक अक्षरांत.

टेबलामागच्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "तात्पुरतं कार्ड हवंय का? इथे किती दिवस आहात?"

मारलिसने मान वळवून कपाटांच्या रांगा बघितल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत, अगदी सावकाश.

"पुस्तकं किती आहेत तुमच्याकडे?" तिने विचारलं.